सहकारातून भूमिती : गेरी स्टाल यांच्या 'सामूहिक बोधन' या संकल्पनेची नांदेड-लातूरच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

शालेय गणितात भूमितीचे स्थान वेगळे आहे. अंकगणितात व बीजगणितात विद्यार्थी प्रायः उत्तर शोधत असतो. भूमितीच्या प्रमेयात उत्तर आधीच सांगितलेले असते. 'पक्ष' आणि 'साध्य' या दोन शीर्षकांखाली काय दिले आहे व काय सिद्ध करावयाचे आहे हे स्पष्ट लिहिलेले असते, आणि विद्यार्थ्याने द्यावयाचे असते ते केवळ कारण. कारण देणे ही क्रिया स्वभावतःच दोन व्यक्तींमधील असते. ज्याला पटलेले नाही अशा कोणाला तरी ते द्यावे लागते. समोर शंका घेणारा कोणीच नसेल तर सिद्धता हा केवळ एक विधी उरतो. आपल्याकडील वर्गात भूमितीचे बहुतांशी असेच झाले आहे. विद्यार्थी सिद्धता लिहितो, परंतु ती कोणासाठी लिहितो हे त्याला ठाऊक नसते.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील अभ्यासक गेरी स्टाल यांचे लेखन महत्त्वाचे ठरते. संगणकाच्या पडद्यावर हलवता येणारी आकृती आणि तिच्याभोवती दूरस्थ विद्यार्थ्यांच्या छोट्या गटाने केलेला संवाद यांतून भूमिती कशी घडते, याचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. 'ग्रुप कॉग्निशन' (२००६), 'ट्रान्सलेटिंग युक्लिड' (२०१३) व 'कन्स्ट्रक्टिंग डायनॅमिक ट्रँगल्स टुगेदर' (२०१६) हे त्यांचे ग्रंथ या अभ्यासाचे टप्पे आहेत. प्रस्तुत लेखात या मांडणीचे मर्म, तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांची चिकित्सा केली असून नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील शैक्षणिक वास्तवाच्या निकषावर ती कितपत टिकते याचा वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

गतिमान भूमितीची पार्श्वभूमी

पाठ्यपुस्तकातील आकृती स्थिर असते. त्रिकोण अबक असा काढलेला असतो तो तसाच राहतो. प्रमेय मात्र त्या एका त्रिकोणाविषयी नसते, ते सर्व त्रिकोणांविषयी असते. एका आकृतीकडे पाहून सर्व आकृत्यांचा विचार करणे ही भूमितीतील पहिली आणि सर्वांत अवघड पायरी होय. ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न १९८० च्या दशकात फ्रान्समधील ग्रेनोबल येथे झां-मारी लाबोर्द व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या 'काब्री' या प्रणालीने, तसेच निकोलस जॅकिव यांच्या 'जिऑमीटर्स स्केचपॅड' (१९९१) या प्रणालीने केला. पुढे ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून 'जिओजेब्रा' ही प्रणाली विकसित केली. २००२ मध्ये ती लोकांसमोर आली. विनामूल्य असल्यामुळे तिचा प्रसार जगभर झाला.

या प्रणालींचे वैशिष्ट्य एकाच कृतीत सामावलेले आहे. बिंदू बोटाने अथवा माउसने पकडून ओढता येतो. ओढल्यावर जे बदलते ते योगायोगाचे आणि जे टिकते ते नियमाचे, असा भेद विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. युक्लिडच्या पहिल्या ग्रंथातील पहिली रचना याचे उत्तम उदाहरण आहे. रेषाखंड अब घेऊन त्याच लांबीच्या त्रिज्येची दोन वर्तुळे अनुक्रमे अ व ब या केंद्रांतून काढली आणि त्यांच्या छेदनबिंदूला क म्हटले, तर त्रिकोण अबक समभुज होतो. अ बिंदू कोठेही ओढला तरी तो समभुजच राहतो, कारण तिन्ही बाजू एकाच त्रिज्येने बांधल्या गेल्या आहेत. याउलट केवळ नजरेच्या अंदाजाने समभुज दिसेल असा त्रिकोण काढला तर तो पहिल्याच ओढीत मोडतो. 'दिसणे' आणि 'असणे' यांतील हा फरक कागदावर दाखविणे शिक्षकाला कष्टाचे जाते.

महाराष्ट्राच्या पाठ्यक्रमाला ही प्रणाली अपरिचित नाही. बालभारतीच्या इयत्ता नववी (२०१७) व दहावीच्या (२०१८) 'गणित भाग २' या पुस्तकांत जिओजेब्राच्या साहाय्याने आकृत्या काढून गुणधर्म पडताळून पाहण्याच्या सूचना चौकटींत दिल्या आहेत. चौकटीत मात्र काम एकट्या विद्यार्थ्याला सांगितलेले असते. पडताळून काय दिसले हे कोणाला सांगावयाचे, याचा तेथे उल्लेख नाही.

स्टाल यांची मांडणी

फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठात स्टाल यांनी 'व्हर्च्युअल मॅथ टीम्स' हा प्रकल्प उभा केला. तीन-चार विद्यार्थ्यांचा गट, प्रत्येकाचा स्वतंत्र संगणक, लेखी संवादाची खिडकी आणि सर्वांना एकाच वेळी दिसणारा समाईक फलक अशी त्याची रचना होती. पुढे या फलकाच्या जागी अनेकांना मिळून वापरता येईल असा जिओजेब्रा आला. त्यात एक नियम महत्त्वाचा होता. आकृती हाताळण्याचा ताबा एका वेळी एकाच विद्यार्थ्याकडे असे. इतरांनी पाहावयाचे, लिहावयाचे आणि आपली पाळी मागावयाची.

स्टाल यांचा मुख्य सिद्धान्त असा, की अशा गटात घडणारा विचार हा व्यक्तींच्या डोक्यांतील विचारांची बेरीज नसतो. एक विद्यार्थी अर्धे वाक्य लिहितो, दुसरी बिंदू ओढून त्याचा अर्थ दाखविते, तिसरी त्याला नाव देते. या तीन कृतींतून जे ज्ञान निर्माण होते त्याचा कर्ता गट असतो. यालाच ते 'सामूहिक बोधन' म्हणतात. या विचारामागे ज्ञान आधी माणसामाणसांत घडते व मग व्यक्तीच्या आत जाते ही व्हायगॉट्स्की यांची भूमिका आहे, तसेच संभाषणातील प्रत्येक उच्चार त्याच्या आधीच्या व नंतरच्या उच्चाराच्या संदर्भात वाचणारी संभाषण-विश्लेषणाची पद्धतीही आहे.

'ट्रान्सलेटिंग युक्लिड' या शीर्षकातच एक भूमिका आहे. युक्लिड प्रत्येक काळात नव्याने भाषांतरित व्हावा लागतो, असे तीत गृहीत आहे. आपल्या वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जगन्नाथ सम्राट यांनी नासिरुद्दीन तूसी यांच्या अरबी पाठावरून युक्लिड संस्कृतात 'रेखागणित' या नावाने आणला. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली पाश्चात्त्य गणिताचे मराठी ग्रंथ सिद्ध झाले. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने येथील माध्यमिक शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणत भूमिती शिकलेली एक पिढी येथे होऊन गेली. आज सेमी-इंग्रजी वर्गातील विद्यार्थी प्रमेय इंग्रजीत लिहितो आणि शेजाऱ्याला मराठीत समजावतो. युक्लिडचे भाषांतर या भूमीत अखंड चालू आहे. प्रश्न आहे तो त्या भाषांतरात विद्यार्थ्याचा वाटा किती, हा.

एका उदाहरणाची तपासणी

'कन्स्ट्रक्टिंग डायनॅमिक ट्रँगल्स टुगेदर' हा ग्रंथ आठवीतील तीन मुलींच्या एकाच गटाच्या आठ सत्रांचे वाचन आहे. त्यातील एक उदाहरण येथे विचारार्थ घेता येईल. एका समभुज त्रिकोणाच्या आत, त्याच्या तीन बाजूंवर शिरोबिंदू असलेला दुसरा समभुज त्रिकोण दिलेला आहे. तो ओढून पाहावयाचा आणि तशीच आकृती स्वतः रचावयाची.

बाहेरचा त्रिकोण अबक मानू. बाजू अब वर ड, बक वर इ आणि कअ वर फ हे आतील त्रिकोणाचे शिरोबिंदू आहेत. ड ओढला की इ व फ आपोआप सरकतात आणि आतील त्रिकोण लहानमोठा होत समभुजच राहतो. गटाने प्रथम आकृती ओढून पाहिली. मग रचनेचे काही प्रयत्न फसले. अखेरीस अड, बइ व कफ ही अंतरे समान राहतात हे ध्यानात आले आणि कंपासच्या साधनाने तेच अंतर प्रत्येक बाजूवर वाहून नेण्याचा मार्ग सापडला. स्टाल यांच्या परिभाषेत गटाला आकृतीतील 'अवलंबन' सापडले. कोणता बिंदू कोणावर अवलंबून आहे हे कळले.

या शोधाचे गणिती मोल मोठे आहे. आपल्या नववीच्या विद्यार्थ्याला परिचित असलेल्या भाषेत तो असा मांडता येतो. बाहेरच्या त्रिकोणाच्या बाजू समान आहेत आणि अड, बइ, कफ समान आहेत. म्हणून उरलेले डब, इक व फअ हे भागही समान आहेत. अ, ब व क येथील कोन प्रत्येकी ६० अंशांचे आहेत. त्यामुळे अडफ, बइड व कफइ हे तिन्ही कोपऱ्यांतील त्रिकोण बाकोबा कसोटीनुसार एकरूप होतात आणि त्यांच्या तिसऱ्या बाजू, म्हणजेच आतील त्रिकोणाच्या तीन बाजू, समान ठरतात. रचनेची युक्ती आणि सिद्धतेचे कारण येथे एकच आहे. जो ही आकृती न मोडता रचू शकतो त्याच्या हाती सिद्धतेची किल्ली आलेली असते. स्टाल यांच्या मांडणीचे हे सर्वांत सबळ अंग होय. 'अवलंबन' शोधणे हे सिद्धतेचे पूर्वरूप आहे हा त्यांचा आग्रह केवळ तंत्रज्ञानाच्या उत्साहातून आलेला नाही. भूमितीच्या गाभ्याची त्यात जाण आहे.

मांडणीच्या मर्यादा

तथापि या मांडणीत काही गंभीर उणिवाही जाणवतात.

पहिली उणीव सिद्धतेविषयी आहे. किल्ली हाती येणे आणि कुलूप उघडणे यांत अंतर असते. अंतरे समान ठेवल्यावर आकृती टिकते हे गटाने पाहिले. ती का टिकते हे सांगण्यासाठी वर दिलेली तीन-चार विधाने लागतात, आणि ती पडद्यावर कोठेही दिसत नाहीत. किंबहुना ओढून पाहण्याचा अनुभव इतका खात्रीदायक असतो की पुढे सिद्धतेची गरजच विद्यार्थ्याला वाटेनाशी होते. शंभर ठिकाणी ओढून टिकलेली आकृती हा पुरावा आहे, कारण नव्हे. ही सीमारेषा ओलांडण्यासाठी 'असे का' हा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो, आणि तो आपोआप गटातूनच येईल यावर स्टाल यांचा विश्वास गरजेपेक्षा अधिक आहे.

दुसरी उणीव शिक्षकाविषयी आहे. या सत्रांत शिक्षक पार्श्वभूमीवर राहतो. कार्यपत्रिका बारकाईने लिहिलेली असते आणि शिक्षकाचा आवाज त्या कार्यपत्रिकेत विरघळलेला असतो. त्यामुळे ज्याला गटाचे बोधन म्हटले जाते त्यात कार्यपत्रिका लिहिणाऱ्या जाणकाराचा वाटा किती, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्या शाळेत अशी कार्यपत्रिका लिहिणारा कोणी नाही तेथे प्रणाली असूनही हा परिणाम मिळेल असे म्हणता येत नाही.

तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची आहे. ज्ञानाचे श्रेय गटाला दिले की गटातील असमानता दृष्टीआड होण्याचा धोका संभवतो. तीन जणांपैकी एकजण गप्प राहिला तरी 'गटाला समजले' हे विधान खरे ठरू शकते. स्टाल यांनी निवडलेला गट तीन समवयस्क मुलींचा आहे. प्रत्येकीजवळ स्वतंत्र संगणक आहे, स्वतंत्र कळफलक आहे आणि लिहिण्याची समान संधी आहे. या समतेवर त्यांचा सिद्धान्त उभा आहे, परंतु सिद्धान्ताच्या मांडणीत ती गृहीतकाच्या रूपाने लपून राहते. जेथे ही समता नसते तेथे सामूहिक बोधनाचे काय होते, याचा विचार या ग्रंथांत पुरेसा आलेला नाही.

नांदेड-लातूरचा संदर्भ

ही तिसरी उणीव मराठवाड्यात विशेष जाणवते. 'असर २०२३' या सर्वेक्षणात महाराष्ट्रातून नांदेड जिल्ह्याची निवड झाली होती. १४ ते १८ वयोगटातील युवकांच्या या पाहणीत, सर्व निवडक जिल्हे मिळून, सुमारे नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन असल्याचे आढळले. मात्र स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के, तर मुलींचे सुमारे २० टक्के होते. फोन घरात आहे, परंतु तो कोणाच्या हातात आहे हा वेगळा प्रश्न आहे. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या तेव्हा या प्रश्नाची धग घरोघरी जाणवली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' या उपक्रमाच्या काळात पाठ पोहोचविण्याची यंत्रणा उभी राहिली. पाठ एका दिशेने आले. उलट दिशेने प्रश्न जाण्याची वाट अरुंदच राहिली.

येथे एक लक्षणीय बाब नोंदवली पाहिजे. स्टाल यांच्या रचनेत आकृतीचा ताबा एका वेळी एकाकडेच असतो. म्हणजे तीन विद्यार्थ्यांमध्ये एकच फोन असणे हे त्यांच्या पद्धतीपासून वाटते तितके दूर नाही. फरक पडतो तो ताबा नसलेल्यांच्या बाबतीत. त्यांच्या रचनेत ताबा नसलेल्या मुलीजवळ लिहिण्याची खिडकी असते. ती 'हा बिंदू उजवीकडे ने' असे म्हणू शकते आणि तिचे म्हणणे नोंदले जाते. आपल्या घरात फोन भावाच्या हातात असेल तर बहिणीजवळ ना आकृती असते, ना खिडकी. समस्या यंत्रांच्या संख्येची जितकी आहे तितकीच पाळीच्या नियमाची आहे. पाळीचा नियम शिक्षक विनाखर्च घालून देऊ शकतो.

दुसरा संदर्भ 'लातूर पॅटर्न'चा आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य व पुढे नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे (स्थापना १९९४) पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी निगडित असलेल्या या पद्धतीने मागास समजल्या जाणाऱ्या भागातील विद्यार्थ्याला गुणवत्ता यादीत नेले. तिचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. सरावपरीक्षा, शंकानिरसन आणि वेळेचे काटेकोर नियोजन ही तिची बलस्थाने होत. तथापि सरावाची शिस्त भूमितीला लावली की सिद्धता पाठांतराचा विषय बनते. मंडळाच्या ४० गुणांच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत 'कृती पूर्ण करा' या प्रकारात सिद्धता जवळजवळ लिहिलेलीच असते आणि विद्यार्थ्याने चौकटी भरावयाच्या असतात. दुर्बल विद्यार्थ्याला त्यातून आधार मिळतो हे खरे. परंतु पुढचे विधान कोणते असावे हा निर्णय, जो सिद्धतेचा प्राण आहे, त्याच्याकडून काढून घेतला जातो.

या प्रश्नाची निकड येथे अधिक आहे, कारण नांदेड व लातूर ही दोन्ही शहरे आज वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीची केंद्रे आहेत. 'नीट' परीक्षेत गणित नाही. दहावीनंतर गणित सोडून जीवशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात दहावीची भूमिती ही सिद्धतेशी होणारी शेवटची भेट असते. एखादे विधान खरे का मानावे, याचा पूर्ण युक्तिवाद स्वतः उभारण्याचा अनुभव त्याला पुन्हा कोणत्या विषयात इतक्या स्वच्छपणे मिळेल हे सांगता येत नाही. तो अनुभव चौकटी भरण्यात संपला तर नुकसान केवळ गणिताचे होत नाही. उद्याच्या डॉक्टरने निदानामागील कारण रुग्णाला समजावून सांगावे अशी अपेक्षा असेल, तर कारण देण्याची सवय त्याला कधीतरी लागलेली असावी लागते.

स्टाल यांच्या लेखनातून येथे घेण्याजोगे काय आहे? प्रणाली विनामूल्य असली तरी तिच्यावर सर्व भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. जिओजेब्राची मालकी २०२१ मध्ये 'बायजूज' या भारतीय कंपनीने घेतली आणि २०२४ मध्ये त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली, ही घटना बोलकी आहे. साधने हात बदलतात. टिकून राहते ती पद्धती. स्टाल यांची खरी देणगी विद्यार्थ्यांचे बोलणे जपून ठेवण्यात व ते ओळीओळीने वाचण्यात आहे. चुकलेले वाक्य, फसलेली रचना आणि अर्धवट सुचलेली कल्पना यांना त्यांनी अभ्यासाचे साहित्य मानले. आपल्याकडे वहीत फक्त खोडून शुद्ध केलेले उत्तर उरते. 'कच्ची आकृती' हा शब्द आपल्या रचना-प्रकरणात आहेच. कच्च्या बोलण्यालाही तशीच जागा मिळणे आवश्यक आहे. तिघांच्या गटाने एका आकृतीवर काम करावे, आकृती पाळीपाळीने हाताळावी, ज्याची पाळी नाही त्याने सूचना लिहून द्यावी आणि शेवटी 'असे का' याचे उत्तर पाळी नसलेल्यानेच लिहावे, एवढी शिस्त जिल्हा परिषदेच्या शाळेतही पाळता येण्यासारखी आहे. भाषा मराठी असो, सेमी-इंग्रजी असो वा रोमन लिपीत टंकलेली मराठी असो. कारण नोंदले गेले पाहिजे हे महत्त्वाचे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. एक, गतिमान आकृतीतील अवलंबन शोधणे ही सिद्धतेची खरी पूर्वतयारी आहे हे स्टाल यांचे प्रतिपादन ग्राह्य आहे. दोन, अवलंबनाकडून सिद्धतेकडे नेणारा प्रश्न शिक्षकानेच विचारावा लागतो आणि स्टाल यांच्या मांडणीत या कार्याला योग्य स्थान मिळालेले नाही. तीन, सामूहिक बोधनाची संकल्पना समान संधी गृहीत धरते. जेथे ती नाही तेथे गटाचे यश मोजण्याचा निकष गटातील सर्वांत गप्प विद्यार्थिनीने दिलेले कारण हाच असावा.

स्टाल यांनी युक्लिडचे भाषांतर संगणकाच्या भाषेत केले. मराठवाड्यातील शिक्षकासमोरील भाषांतर अधिक कठीण आहे. त्याला सिद्धता परीक्षेच्या भाषेतून संवादाच्या भाषेत आणावयाची आहे. दहावीच्या वर्गात एखादी मुलगी दुसऱ्याच्या हातातील आकृतीकडे बोट दाखवून 'हे असे का राहते' असे विचारील आणि उत्तर मिळेपर्यंत थांबेल, तेव्हा हे भाषांतर सुरू झाले असे म्हणता येईल.